असंनिधानातील आचार : श्रीनागदेवाचार्यांचे जीवन

परमार्थमार्गात ज्ञान आणि आचार ही दोन्ही अंगे परस्परांवाचून अपुरी आहेत, हे आपण सर्वजण निरूपणात नित्य ऐकतो. परंतु ऐकलेले ज्ञान आपल्या अंगी कितपत उतरले आहे हे कळावयाची वेळ कोणती, याचा विचार सहसा होत नाही. गुरू समोर असताना शिष्य सावध असतो. त्याचे उठणे-बसणे, बोलणे, जेवणे या सर्वांवर त्या दृष्टीचा वचक असतो आणि त्या दृष्टीचा आधारही असतो. ती दृष्टी समोरून दूर झाली म्हणजे मात्र साधकाजवळ उरते ते केवळ त्याने मनात साठविलेले वचन. त्या वचनाप्रमाणे तो वागला तर त्याने ते खरोखर ऐकले असे म्हणावयाचे. न वागला तर ते कानावरून गेले एवढेच. संनिधान आणि असंनिधान यांतील हा भेद आपल्या शास्त्रात मोठ्या बारकाईने सांगितलेला आहे, आणि त्याचे जिवंत उदाहरण पाहावयाचे झाले तर आद्य आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांच्या जीवनाकडेच वळले पाहिजे.

भटोबासांचे चरित्र आपणांस मुख्यतः दोन ग्रंथांतून कळते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सान्निध्यातील नागदेव लीळाचरित्रात भेटतात, आणि स्वामींच्या व श्रीप्रभूंच्या पश्चात परिवाराचा भार वाहणारे आचार्य स्मृतिस्थळात भेटतात. स्मृतिस्थळातील अडीचशेहून अधिक स्मृती बहुतेक लहान आहेत. एखादा प्रसंग, एखादा प्रश्न, आचार्यांचे त्यावरील उत्तर, आणि स्मृती संपली. चमत्कारांची रास तेथे नाही. पंथावाचून इतर काही ज्यांना ठाऊक नव्हते अशा माणसांनी आपल्या आचार्यांचा दिनक्रम, राग, करुणा आणि निर्णय जसे आठवले तसे सांगून ठेवले आहेत. म्हणूनच आचाराचा विचार करणाऱ्याला तो ग्रंथ विशेष उपयोगी पडतो.

नागदेवांचे घराणे ब्राह्मणाचे. त्यांची आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघींची नावे आपल्या वाङ्मयात आदराने येतात. म्हणजे एका घरातील अनेक जीव या मार्गाला लागले. आरंभी या मंडळींचा ओढा रामदेव दादोस यांच्याकडे होता. दादोस स्वतः स्वामींच्या परिचयातले असल्यामुळे त्यांच्या द्वारे हा सारा परिवार गोदातीरी स्वामींच्या चरणी आला. स्वामी नागदेवांना लाडिकपणे वानर म्हणून हाक मारीत. या हाकेत जितके वात्सल्य आहे तितकाच त्यांच्या स्वभावाचा परिचयही आहे. नागदेव जन्मतः शांत, स्थिर, सिद्ध असे पुरुष नव्हते. ते घडविले गेले. स्वामींनी त्यांचे चुकणे पाहिले, त्यांना शिकविले, कधी शब्दाने टोचले, कधी जवळ घेतले. आचार हा जन्माने मिळत नाही, अभ्यासाने जडतो, ही गोष्ट या चरित्राच्या पहिल्या भागातच स्पष्ट होते.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. परिवारावर जणू आकाश कोसळले. जे आपल्या डोळ्यांसमोर चालत होते, जेवत होते, निरूपण करीत होते, ते आता दिसणार नव्हते. भटोबास तर दुःखाने इतके व्याकूळ झाले की त्यांना आपल्या देहाचेही भान उरले नाही, असे परंपरा सांगते. अशा वेळी मनुष्यापुढे साधारणतः दोन वाटा असतात. एक म्हणजे सोडून आलेल्या घराकडे परतणे. दुसरी म्हणजे गेलेल्याच्या आठवणीत रडत बसून तेच भक्तीचे रूप आहे असे मानणे. भटोबासांनी दोन्ही वाटा सोडल्या. स्वामींनी रिद्धपूरला श्रीप्रभूंकडे जाण्याची आज्ञा केलेली होती. ती आज्ञा हाच आता स्वामींचा मागे राहिलेला अंश होता. ती पाळणे म्हणजे स्वामींच्या जवळ राहणे, असा सरळ अर्थ त्यांनी घेतला आणि परिवारासह ते रिद्धपूरला गेले.

रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. तेथे श्रीगोविंदप्रभूंची सेवा करणे ही सोपी गोष्ट नव्हती. स्वामी बोलून समजावीत, प्रश्नांची उत्तरे देत. श्रीप्रभूंची लीळा मात्र लोकदृष्टीला वेड्यासारखी दिसे. ते केव्हा कोठे जातील, काय मागतील, कोणाच्या घरात शिरतील, याचा नेम नसे; अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीतही ते मोकळेपणाने वावरत. ज्याला केवळ तर्काने समजून घ्यावयाचे आहे त्याची तेथे कोंडी होत असे. भटोबासांनी श्रीप्रभूंना तर्काच्या चौकटीत बसविण्याचा प्रयत्न केला नाही. दशकाहून अधिक काळ त्यांनी सेवा केली, पडेल ते काम केले आणि परिवार एकत्र ठेविला. याच काळात श्रीप्रभूंच्या इच्छेवरून महदाइसेने धवळे रचले आणि मराठीला आद्य कवयित्री लाभली. सेवेच्या वातावरणातून वाङ्मय कसे उमलते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही अवतारकार्य संपविले. पहिल्या वियोगाच्या वेळी जाण्यासाठी रिद्धपूर होते. या दुसऱ्या वियोगानंतर जाण्यासाठी कोणतेच ठिकाण उरले नव्हते. आता प्रत्यक्ष अवतार समोर नव्हता, आणि परिवाराचे सर्व डोळे भटोबासांकडे लागले होते. या क्षणाचे महत्त्व आपण नीट ध्यानी घेतले पाहिजे. आधारहीन झालेला समुदाय आपल्या नायकाला फार सहज देवत्व बहाल करतो, आणि नायकही ते फार सहज स्वीकारतो. धर्मांच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत. आपल्या पंथात मात्र श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचांगदेव राऊळ, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे पंचकृष्णच राहिले. सहावे नाव त्यांत जोडले गेले नाही. भटोबास आचार्य झाले आणि आचार्यच राहिले. परमेश्वर निराळा आणि जीव निराळा हा सिद्धान्त त्यांनी शिष्यांना शिकविला, आणि स्वतःच्या बाबतीतही तो तितक्याच काटेकोरपणे पाळला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे निरूपण करणारे अनेक असतात. आपण त्यांतील जीव आहोत हे मानाच्या आसनावर बसूनही न विसरणारा विरळा.

आचार्यपदी आल्यावर भटोबासांनी मठ बांधला नाही की धन साठविले नाही. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण ही स्वामींची शिकवण होती. तिच्यात त्यांनी भर घातली नाही आणि काही वजाही होऊ दिले नाही. भिक्षुकाने एका गावी रुतून बसू नये. घरोघरी जाऊन मिळेल ते थोडे थोडे घ्यावे. त्यात गोड-कडू, ताजे-शिळे अशी निवड करू नये. नदीकाठी किंवा एकान्तात बसून ते सेवन करावे, देवळात किंवा झाडाखाली रात्र काढावी आणि जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी स्मरणात काळ घालवावा. ही विधाने ऐकावयास साधी वाटतात. त्यांतील प्रत्येकामागे एक एक बंधन तोडण्याची योजना आहे. गाव बदलत राहिल्याने ओळखीचा लोभ तुटतो, अनेक घरांच्या भिक्षेने एका दात्याचे मिंधेपण टळते, आणि निवड न केल्याने जिभेची सत्ता ओसरते.

आचार्य शिष्यांना आपल्यापासून दूर अटनाला पाठवीत, हे तर विशेष विचार करण्यासारखे आहे. आपल्याभोवती शिष्यांचा मेळा असावा असे कोणत्या गुरूला वाटणार नाही? भटोबासांजवळ राहावे असे शिष्यांनाही वाटत असेच. पण देहाजवळचे राहणे हे साधन होऊ शकते तसे बंधनही होऊ शकते, याची आचार्यांना पूर्ण जाणीव होती. स्वामींच्या विरहात ते स्वतः पोळलेले होते. एकटा राहूनही धर्म आचरू शकेल असा साधक घडविणे हे त्यांचे ध्येय होते. आचार्य नसले की ज्याचा आचार कोसळतो असा परिवार त्यांना नको होता. म्हणून ते पाठवीत, आणि ठरल्या वेळी सर्वजण पुन्हा एकत्र आले म्हणजे शास्त्र सांगत, शंका निवारीत.

भटोबासांच्या आचाराचे दुसरे मोठे क्षेत्र म्हणजे भाषा. त्यांच्याभोवती जमलेले लोक सामान्य नव्हते. केशिराज, महिंभट, दामोदर पंडित, भास्करभट्ट बोरीकर ही नावे उच्चारली तरी त्या काळातील विद्वत्तेचे चित्र उभे राहते. केशिराजांचे संस्कृतवरील प्रभुत्व त्यांच्या रत्नमालास्तोत्रावरून आजही दिसते. अशा विद्वानांना शास्त्र संस्कृतात लिहावे, संस्कृतात चर्चा करावी असे वाटणे स्वाभाविक होते. त्या काळी गंभीर विषयाची तीच प्रतिष्ठित भाषा होती, आणि संस्कृतात ग्रंथ झाला असता तर पंथाला पंडितसभेत मान मिळाला असता. तरीही आचार्यांनी केशिराजांना थांबविले. संस्कृतात लिहिल्याने आपल्या परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे कारण होते. संस्कृतातून प्रश्न आला तेव्हाही, स्वामींनी आपणांस मराठीतून निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांचा आग्रह राहिला.

या निर्णयाकडे केवळ भाषाभिमान म्हणून पाहणे अपुरे होईल. स्त्री, शूद्र, वृद्ध, अक्षरशून्य अशा सर्वांना मोक्षाचा अधिकार आहे असे स्वामींनी मानले होते. ते खरोखर मानायचे असेल तर त्या सर्वांना कळेल अशाच भाषेत शास्त्र असले पाहिजे. अन्यथा अधिकार बोलण्यापुरता उरतो. आचार्यांनी तत्त्व आणि वागणूक यांत अंतर पडू दिले नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली. पंडितसभेतील मान त्यांनी सोडला, पण कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या एका म्हातारीला सोडले नाही. आणि केशिराजांचीही थोरवी अशी की त्यांनी आचार्यांची आज्ञा शिरोधार्य मानून आपली सारी बुद्धी मराठी वचनांच्या संकलनाला लाविली. सूत्रपाठ आणि ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ ही त्या आज्ञापालनाची फळे आहेत.

लीळाचरित्राच्या निर्मितीची कथाही याच सूत्रात ओवलेली आहे. महिंभट मोठे शास्त्री. विद्येचा अभिमान घेऊन ते डोमेग्रामी स्वामींना भेटले होते आणि तेथे त्यांचा अभिमान उतरला होता. पुढे भटोबासांच्या सहवासात असताना आचार्य एकान्तात कशाचे चिंतन करतात, असे त्यांनी विचारले. आपण स्वामींच्या लीळा आठवीत असतो, असे आचार्यांनी सांगितले. त्यावर महिंभटांच्या मनात आले की हे आठवणारे जीव एक एक करून जातील, मग पुढच्यांनी काय आठवावे? आचार्यांनी त्यांना संमती दिली. महिंभट गावोगाव हिंडले. ज्यांनी स्वामींना पाहिले, ज्यांच्या घरी स्वामी गेले, त्यांना भेटून त्यांनी लीळा गोळा केल्या आणि आचार्यांसमोर त्यांची शहानिशा करून रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी त्या लिहिल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा ग्रंथ मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आज सर्वमान्य आहे.

पण येथेही ग्रंथापेक्षा त्यामागील वृत्ती पाहावी. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत पसरलेल्या या लीळांमध्ये स्वामींनी कोणाकडे काय जेवले, कोणत्या झाडाखाली आसन झाले, कोणी कोणता वेडगळ प्रश्न केला, हे सारे जसेच्या तसे आले आहे. शिष्यांची भांडणे, रुसवे, लोभ यांवर पांघरूण घातलेले नाही. स्वतः भटोबासांच्या चुकाही वगळलेल्या नाहीत. आपल्यासमोर तपासल्या जाणाऱ्या ग्रंथातून आपले उणे काढून टाकणे आचार्यांना किती सोपे होते! त्यांनी तसे केले नाही, कारण सत्य हे त्यांच्या लेखी निरूपणाचा विषय नव्हते, वागण्याचा नियम होता.

या आचाराचे आकर्षण किती दूरवर पोचले, हे नरेंद्र कवीच्या वृत्तान्तावरून कळते. इ. स. १२९२ मध्ये रचलेले त्याचे रुक्मिणीस्वयंवर यादव राजा रामदेवराव याने ऐकले आणि ते आपल्या नावावर व्हावे अशी इच्छा दर्शविली. प्रत्येक ओवीमागे सुवर्णाचे मोल देण्याची राजाची तयारी होती. कवीने नकार दिला. आपल्या कविकुळाला बोल लागेल असे ते कृत्य त्याला नको होते. पुढे तो भटोबासांकडे आला आणि अनुसरला. राजसभेत सोने होते, इकडे भिक्षेची झोळी होती. शब्द विकण्यास नकार देणारा कवी, शब्दाप्रमाणे जगणाऱ्या आचार्यांकडे यावा, यात आश्चर्य नाही. आचार्यांजवळ त्याला देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि ज्या राज्याच्या छायेत हा परिवार वावरत होता ते हादरले. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांची सत्ता नष्टच झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी भटोबासांचाही देह पडला आणि आचार्यपदाचा भार बाइदेवबासांवर आला. त्या धामधुमीत महिंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तरीही लीळा नाहीशा झाल्या नाहीत. त्या अनेकांच्या मुखी होत्या. हिराइसेच्या स्मरणातून सिद्ध झालेला हिराइसा पाठ तर आपल्या सर्वांना परिचित आहे. म्हाताऱ्या बायांनाही कळावे म्हणून ज्या आचार्यांनी मराठीचा हट्ट धरिला, त्यांच्या पश्चात एका स्त्रीच्या स्मरणशक्तीने शास्त्राचा ठेवा राखिला. आचार्यांच्या निर्णयाचे फळ इतक्या प्रत्यक्ष रूपाने फार क्वचित पाहावयास मिळते.

भटोबासांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही. ग्रंथ लिहिणारे सारे त्यांच्याभोवती होते, आणि तरीही ते सारे त्यांना विचारल्यावाचून पुढे जात नसत. विद्येत त्यांच्याहून काकणभर सरस असलेले पुरुष त्यांच्यापुढे नम्र का होत, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. या पंडितांना वचनाचा अर्थ ठाऊक होता. ते वचन चालता-बोलता कसे दिसते, हे पाहण्यासाठी त्यांना भटोबासांकडेच पाहावे लागे.

आज आपण सर्वजण असंनिधानातच आहोत. स्वामींना उत्तरापंथे जाऊन साडेसातशे वर्षे झाली. रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ अस्तित्वात आले. ज्या भूमीत आचार्यांनी मराठीचा आग्रह सांभाळला त्या भूमीचा हा गौरव आहे आणि त्याचा आपणांस आनंदच वाटतो. परंतु अशा गौरवाबरोबर आपणांवर एक जबाबदारीही येते. संकटकाळी पुढच्या पिढ्यांनी पोथ्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेविल्या. त्या कृतीमुळे ग्रंथ वाचले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरचा समाज त्यांना मुकला, हेही तितकेच खरे. आता लिपीचे कुलूप निघाले आहे. तरीही आपले निरूपण केवळ जाणत्यांनाच कळेल इतके अवघड होत असेल, आपल्या सभेतील मागच्या रांगेतील वृद्धा काही न कळता केवळ हात जोडून उठून जात असेल, तर दुसरे कुलूप आपणच लावीत आहोत असे म्हणावे लागेल.

भिक्षुकांनी स्वतःला विचारावे की आपले अटन किती उरले आहे आणि आसन किती जड झाले आहे. आश्रमाची व्यवस्था पाहावी लागते, यात्रेकरूंची सोय करावी लागते, हे सर्व मान्य करूनही, एखाद्या वर्षी एखादा महिना तरी आपण अनोळखी गावी झोळी घेऊन जाऊ शकतो की नाही? वासनिकांनी स्वतःला विचारावे की दुकानातील तराजू, शेतातील मजुरी, घरातील सुनेशी बोलणे या ठिकाणी आपण उपदेश घेतलेला मनुष्य आहोत हे कोणाला ओळखू येते की नाही. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारही साधनांना आपण वंदन करतो. त्या वंदनानंतरचे दिवसाचे उरलेले तास कसे जातात, यावरच त्या वंदनाचे मोल ठरते.

भटोबासांना स्वामींची दृष्टी डोळ्यांसमोर नसताना वागावे लागले. आपली स्थितीही तीच आहे. त्यांना मिळालेले वचन आपणांलाही मिळालेले आहे, आणि ते आपल्याच भाषेत आहे. ते कळले नाही अशी सबब सांगण्याची सोय आचार्यांनी आपल्यासाठी ठेविलेली नाही. त्यांच्या स्मरणाने आपल्या सर्वांच्या हातून त्या वचनाचे थोडे तरी आचरण घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.